आप्पांचा तळहात आणि माझी नवी धार

मी एक जुना रंधा आहे. पण मित्रांनो, 'जुना' हा शब्द ऐकून लगेच नाक मुरडू नका. कालपासून माझ्या अंगात जो उत्साह संचारला आहे, तो दुकानातल्या नव्याकोऱ्या रंध्यालाही झेपणार नाही. काल दुपारी जे घडले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. मात्र आधी ओळख करून देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, कोण हा आगाऊ.

माझे अंग लाकडाचे. पोटात एक तिरकी खाच आहे, तिच्यात पोलादी पाते बसते आणि ते हलू नये म्हणून वरून पाचर ठोकतात. पात्याचे टोक तळाच्या फटीतून केसभर बाहेर डोकावते. त्या फटीला माझे तोंड म्हणतात. फळीवरून मला ढकलले की टोक लाकूड सोलत जाते आणि तोंडातून सोलपट वर येते. मला आप्पांनी घडवले. आप्पा सुतार, आणि तेही भारी चिकित्सक. माझे पहिले सोलपट त्यांनी उजेडाकडे धरले आणि त्यातून खिडकीचे गज मोजले. त्या दिवशी मी जो फुगलो, तो अजून उतरलेलो नाही.

काय दिवस होते ते! दारे, कपाटे, बाके, पाळणे, सगळ्यांवरून मी धावलो. लोक फळीवर हात फिरवून म्हणायचे, "रंधा मारलाय की तेल लावलंय?" काम संपले की आप्पा मला कुशीवर निजवत. तळावर उभे ठेवले तर धार खाली टेकून मरते. एवढ्या वर्षांत ते हे एकदाही विसरले नाहीत.

मग आप्पांची नजर गेली. डोळे विझले, तरी हातांना सारे दिसत राहिले. मी त्यांच्या मुलाकडे, छोटूकडे आलो. दारातून वाकून आत यावे लागते एवढा हा उंच, कानशिलावर केस पिकलेले, पण घरात अजून छोटूच. एका बाबतीत तो खरोखरच छोटा राहिला होता. आप्पांच्या बाकी हत्यारांची पेटी त्याला मिळाली नव्हती. त्यांच्या घराण्याची रीतच तशी होती. मुलाने रंधलेल्या फळीवर बापाच्या तळहाताला काहीही अडले नाही, की बापाने पेटीची किल्ली द्यायची. छोटूने आजवर कितीतरी फळ्या पुढे केल्या. दर वेळी आप्पांचे बोट कुठेतरी थबकायचे आणि ते म्हणायचे, "इथे." एवढा एकच शब्द, पण छोटू दिवसभर जेवायचा नाही.

पुढे विजेचे यंत्र आले आणि माझे दिवस फिरले. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दारापाशी बसवले, तेही तळावर. धार जमिनीला घासत गेली आणि माझ्या तोंडात मुंग्यांनी संसार थाटला. मी, ज्याच्या सोलपटातून खिडकी दिसायची, तो आता दाराचा अडसर! खूप वाईट वाटायचे, मित्रांनो.

अशात अंगणातले झाड वादळाने पाडले. ते छोटूच्या आईने लावलेले होते आणि ती आता नाही. बुंधा आतून पोकळ निघाला, धड अशी एकच फळी मिळाली. आप्पा म्हणाले, "याचं जेवायचं टेबल कर. तिच्या झाडावर हात ठेवून जेवायचंय मला."

छोटूने विचारले, "आणि किल्लीचं काय?"

"आधी फळी तर आण."

फळी कसली, नुसती आडमुठी! आयुष्यभर वाऱ्याशी झुंजलेले झाड ते. त्याच्या रेषा इथे डावीकडे, तिथे उजवीकडे, मध्येच उसळून वर आलेल्या. यंत्राने पहिल्याच फेरीत टवके उडवले. तेव्हा कुठे छोटूला माझी आठवण झाली. मुंग्यांना बिऱ्हाड हलवावे लागले, पाते दगडावर लखलखीत झाले आणि मी छाती काढून फळीवर उतरलो. आता बघाच म्हटले.

टवका उडाला. माझ्याही पुढ्यातून टवका!

छोटूला वाटले, धार कमी पडते आहे. त्याने पात्याच्या खालच्या बाजूचा उतार दगडावर घासून आणखी निमुळता केला. पुन्हा टवका, वर पात्याच्या कडेला खांडे पडले. त्याने आणखी निमुळता केला. प्रत्येक टवक्यापाशी सगळी फळी तेवढी खाली घ्यावी लागायची, म्हणजे ती पातळ होत चालली होती. "आणखी दोन टवके," छोटू कपाळाला हात लावून म्हणाला, "की टेबल नाही, परात होईल हिची."

तेवढ्यात त्याची ताई आली. ताई कारखान्यात टर्नर आहे. लेथवर लोखंड, पितळ कातते आणि लाकूडकामाला गमतीने 'भुशाचा धंदा' म्हणते. ती थोडा वेळ पाहत राहिली.

"किती धार लावशील? दाढी करायचीय का?"

"लाकूड साफ निघत नाहीये, ताई. धार अजून हवी."

ताईने टवक्याच्या खड्ड्यात नख घातले. "हे कापलेलं नाहीच रे. उचकटलंय. पातं रेषेखाली घुसतंय आणि लाकूड पुढे आपोआप फाटत जातंय. पितळ असंच करतं."

"पितळ आणि लाकूड एकच का?"

"हट्टी दोघंही. कामाला लागले तेव्हा मी लोखंडाचं हत्यार तसंच पितळेला लावलं. ते आकडीसारखं आत ओढलं गेलं आणि सगळं काम उचलून फेकलं. आमच्या फोरमननं काय केलं माहितीये? हत्याराच्या वरच्या अंगाला टोकाशी धारेचा दगड जरासा घासला. टोक उभट झालं, घुसायचं थांबलं. धार तेवढीच, पण तोंड वेगळ्या दिशेला."

मित्रांनो, मला एकदम उजेड दिसला. माझे पाते खाचेत बरेच तिरके निजलेले असते. सरळ लाकडाला ते छान, पण उसळत्या रेषेखाली ते पाचरीसारखे शिरते. टोक जरा उभे राहिले तर ते खाली न शिरता जागच्या जागी कापेल. छोटू खालचा उतार घासून घासून थकला होता, पण त्याने काही फरक पडणारच नव्हता. लाकूड भिडते ती पात्याची वरची, सपाट बाजू. उतार तिथे हवा होता, टोकाशी, नखाच्या कडेएवढा.

छोटू मात्र दचकला. "सपाट बाजूला तिरका दगड? आप्पांनी पहिला धडा हाच दिला होता, ती बाजू आरशासारखी ठेवायची. मारतील मला."

"मग धडा सांभाळ, फळी जाऊ दे."

छोटूने माझी पाचर सैल केली. मग त्याने पाते उचलले, दगडावर सपाट बाजू टेकवली, किंचित कललेली धरली आणि ओढली. एकदा, पुन्हा एकदा. नंतर मला उलटे करून तो म्हणाला, "याचं तोंडही झिजून मोठं झालंय. पात्याच्या पुढ्यातच फळी दाबून धरली पाहिजे, म्हणजे टवका उठायला जागाच उरणार नाही." त्याने तळाला सरसाने नवे कठीण लाकूड चिकटवून माझे तोंड बारीक केले. ताई म्हणाली, "हे काही मला सुचलं नसतं." भुशाच्या धंद्याबद्दल ती त्यानंतर काही बोलली नाही.

सरस वाळला आणि काल दुपारी कामावरून सुटून ताई परस्पर इकडेच आली. मी फळीवर उतरलो. जड चाललो बरं का, उभ्या टोकाला जोर जास्त लागतो. ताईने माझ्या तळाला मेणबत्ती घासली, छोटूने पाते आणखी आत घेतले, आणि मग सर्रर्र! चुरगळलेले, बारीक सोलपट वर आले. उसळलेली रेषा जवळ आली. माझा जीव मुठीत. सर्रर्र, पार! उलटी रेषा आली, तीही पार! छोटू हसत होता, ताई टाळ्या वाजवत होती, आणि मी म्हणत होतो, आणखी चालव, आणखी चालव.

मग आप्पांना आणले. त्यांचा तळहात फळीवरून सावकाश निघाला. एक टोक झाले, निम्मे झाले, आणि हात थबकला.

"इथे," आप्पा म्हणाले.

छोटूचा चेहरा पडला.

"इथे ती फांदी होती. लाकूड घट्ट लागतंय हाताला. तुझ्या आईनं तुमचा झोका बांधला होता तिला." आप्पांनी तिथून बोट उचलले नाही. "इथे टवका उडायला हवा होता. का नाही उडाला? रंधा दे."

त्यांनी पाते काढले आणि सपाट बाजूवरून अंगठा नेला. टोकाशी तो अडखळला. "हे कुणी केलं?"

"मी सांगितलं," ताई म्हणाली.

"हात माझा होता," छोटू म्हणाला.

आप्पा बराच वेळ अंगठा तिथेच फिरवत राहिले. "असल्या फळ्या मी जन्मभर चुलीत घातल्या," ते म्हणाले. "म्हणायचो, लाकूडच वाईट." मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि चाचपत छोटूच्या हातात ठेवली. "पेटीत याच मापाचं दुसरं पातं आहे. सरळ लाकडाला ते घाल. हे वाकड्यासाठी असंच ठेव. मोडू नकोस हा उतार."

छोटूने किल्ली मुठीत घट्ट धरली. उंच माणूस, पण आप्पांच्या खांद्यावर डोके टेकवण्यासाठी पार वाकला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे हत्यार रुसले असेल तर त्याला अडसर करू नका आणि समोरच्या लाकडालाही नावे ठेवू नका. त्या दोघांची भेट कोणत्या कोनातून होते आहे, ते आधी बघा. आणि काम झाले की आमची धार जपा. काल आप्पांनी पाते परत माझ्या पोटात बसवले, पाचर ठोकली आणि त्याच फळीच्या कडेशी जागा चाचपडून मला हलकेच कुशीवर निजवले.