खिशातला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर सागाची मूठ, तळाला उलटी अक्षरं. कागदावर टेकलो की ती सुलटी होतात: कॉलेजचं नाव, त्याखाली ‘प्राचार्य’ आणि शेवटी ‘ता. मुळशी, जि. पुणे’. १९९८ साली पुण्यातल्या एका चिंचोळ्या दुकानात मी घडलो आणि पिरंगुटच्या पुढच्या नव्या कॉलेजात नांदायला आलो.

पहिली वर्षं सुखाची गेली. टेबलावर जांभळ्या शाईच्या डबीशेजारी माझी जागा होती. सरकारचं एक खातं कॉलेजांवर नजर ठेवतं, आणि ज्यांच्या घरी फी झेपत नाही त्यांची फीही तेच भरतं. त्यासाठी मुलांनी अर्ज करायचा, प्राचार्यांनी सही करायची आणि सहीशेजारी मी टेकायचं. मी टेकलो की चेहरे कसे उजळत, ते मी पाहिलं आहे.

मग कुणीतरी गुपचूप माझा ठसा रजेच्या अर्जावर उठवला. हेडक्लार्क दयानंद भाऊसाहेबांनी असा धसका घेतला की त्या दिवसापासून मी त्यांच्या पँटच्या खिशात. सुपारीची डबी, किल्ल्या, रुमाल आणि मी. ते जेवायला, मी जेवायला. ते लग्नाला, मी लग्नाला. मुलं खिडकीशी ताटकळत उभी, आणि मी हळदीच्या मांडवात. काय म्हणावं या कारभाराला?

२००४ साली माण गावची रजनी कॉलेजात आली. तिची आई धोंडाबाई कंपनीवाल्या भाडेकरूंना डबे करून घालायची. फीमाफीचा अर्ज गेला नाही, तर सोमवारपासून रजनीला पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं होतं. मामानं जागा बघूनही ठेवली होती.

पहिल्या खेपेला भाऊसाहेब म्हणाले, “दाखल्याची झेरॉक्स कुठाय?” दुसऱ्या खेपेला म्हणाले, “काळ्या पेननं भरलाय. निळ्यानं भरून आण.” तिसऱ्या खेपेला सही झाली, पण मी भाऊसाहेबांबरोबर पौडला साखरपुड्याला. पोर पायरीवर बसून स्वतःशीच गुणगुणत राहिली, असं शिपाई भिकूनं दुसऱ्या दिवशी सांगितलं:

किती घालू खेपा बाई कचेरीच्या दारी
कागदाला कागुद जडं, शिक्का न्हाई घरी

चौथ्या खेपेला अर्जांचा शेवटचा दिवस होता. खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयाची खिडकी पाचला बंद होणार. आणि नेमक्या त्याच दिवशी त्याच खात्याच्या मॅडम तपासणीला येणार होत्या.

“भाऊसाहेब, आज तरी मारा शिक्का.”

“आज? अगं, मॅडम यायच्यात. साडीत आलीयस ते बरं झालं. औक्षणाचं ताट तू धर. मग बघू तुझं.”

“आईची हाय साडी. साडीत आलं की लवकर ऐकत्यात, म्हणली ती.”

“ऐकलं की. ताट धर.”

आणि भाऊसाहेब मला खिशात घेऊन हार-नारळ आणायला पिरंगुटला निघाले. हाराचा भाव करता करता दोन तास गेले. खिशात मी नुसता चडफडत होतो. मुठीला तोंड असतं तर मी बाजारातच बोंब ठोकली असती.

परत आलो तेव्हा मॅडम दारात होत्या. रजनीनं ओवाळलं. आत गेल्यावर मॅडमनी विचारलं, “फीमाफीचे अर्ज किती गेले?”

“सगळे गेले, मॅडम. शंभर टक्के,” प्राचार्य जनार्दनसर म्हणाले.

ताट धरलेली रजनी पुढे झाली. “न्हाई जी. माझा हितंच हाय. ताटाखाली धरलाय.”

मॅडमनी अर्ज मागून घेतला आणि वाचला. “सही आहे. शिक्का कुठाय?”

सरांनी ड्रॉवर उघडला, भिकूनं कपाट उघडलं. शेवटी भाऊसाहेबांनी मान खाली घालून मला खिशातून काढलं. सुपारीचा भुगा झटकला. आता शाई. पण तपासणीसाठी जुनी डबी फेकून नवी मांडली होती, अन् ती कोरडी ठणठणीत. शाईची बाटली? ती आणायची राहून गेली. हार आठवला, नारळ आठवला, शाई तेवढी नाही.

रजनीनं ताट टेबलावर ठेवलं. वाटीतलं कुंकू ओलंच होतं. तिनं मला त्यात बुडवलं आणि विचारलं, “चालंल का?”

मॅडम हसल्या नाहीत. “उठव,” म्हणाल्या. मग शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘शिक्का माझ्यासमोर उठवला,’ आणि अर्ज आपल्या पिशवीत घातला. “पाचच्या आत मीच देते. आणि भाऊसाहेब, तुमचा तो हार परत करता आला तर बघा.”

सोमवारी रजनी कारखान्यात गेली नाही, वर्गात बसली. खात्याचे पैसे यायला पुढचा उन्हाळा उजाडला, पण तिला फी कुणी मागितली नाही.

२००९ साली ती पदवीची नक्कल साक्षांकित करून घ्यायला आली. शाळेत शिकवत होती. भाऊसाहेबांनी सवयीनं खिशात हात घातला.

“अजून खिशातच व्हय?” ती म्हणाली. तिनं मला उलटं करून पाहिलं. अक्षरांच्या खाचेत कुंकवाचा एक कण अजून लाल होता. भाऊसाहेबांनी रुमालानं शाईच्या डबीशेजारची जागा पुसली. त्या दिवसापासून मी टेबलावर राहिलो.

पुढच्या वर्षी आपोआप शाई घेणारा नवा शिक्का आला आणि मी ड्रॉवरच्या तळाशी गेलो. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीत बसेल. तेव्हा नव्या शिक्क्याला खिडकीजवळ ठेवा. अर्ज घेऊन आलेल्या पोरीचा हात पोचेल, इतक्या जवळ.