रेडिओच्या नावाचा ढीग

शाळेचं शेवटचं वर्ष म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे परीक्षा उभी राहते. मुलांच्या डोळ्यांपुढे चिमट्यांची पेटी. पेटी कसली, पुठ्ठ्याचा खोका, वर एक फट. महिनाभर तो वर्गाच्या कोपऱ्यात असायचा. ज्याला ज्याची फिरकी घ्यायची असेल त्यानं चार ओळी जुळवायच्या, खाली नाव घालायचं नाही, आणि चिठ्ठी आत सोडायची. निरोपाच्या दिवशी आईबापांसमोर, भर सभागृहात या चिठ्ठ्या वाचल्या जायच्या आणि ज्याला चिमटा बसला त्यानं उभं राहून तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. आधी वर्गाच्या बाई सगळ्या चिठ्ठ्या वाचून लागट असतील त्या काढून ठेवत. उरलेल्यांचे नावांप्रमाणे ढीग लावायचं काम वर्गातल्या दोघींकडे असे.

यंदा त्या दोघी म्हणजे रेडिओ आणि घड्याळ. रेडिओचं तोंड पहिलीपासून कधी बंद झालं नव्हतं, म्हणून ती रेडिओ. घड्याळ तिची बाकावरची मैत्रीण. तिला रोज उशीर व्हायचा, आणि वर्गाला विनोदाची हौस होती.

पेटी दुसऱ्या दिवशी दुपारी बंद व्हायची होती. तोवर आलेल्या चिठ्ठ्यांचे दोघींनी रिकाम्या वर्गात बाकांवर ढीग लावले. उंचीमुळे लंबू म्हणवल्या जाणाऱ्या मुलाच्या नावावर तेरा. घड्याळच्या नावावर नऊ, त्यांतल्या आठ उशिरावर. कधी कुणाशी न बोलणाऱ्या, खिडकीजवळच्या मुलाच्याही नावावर तीन.

"माझा ढीग कुठाय?" रेडिओनं विचारलं.

घड्याळनं उगाच लंबूच्या चिठ्ठ्या पुन्हा सरळ केल्या. "असेल गं. उद्या दुपारपर्यंत येतील."

"एकही नाही?"

"मला काय माहीत. मी काय पेटीत बसले होते?" एवढं बोलून ती पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

रेडिओ त्या ढिगांकडे बघत राहिली. मागच्या सुट्टीत, शाळा सुरू व्हायला दहा दिवस असताना, तिची आई गेली होती. तेव्हापासून वर्ग तिच्याशी फार चांगला वागत होता, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. सहलीला तिला न मागता खिडकी मिळाली आणि मागच्या बाकांवरचा दंगा ती वळली की थांबायचा. खेळांच्या दिवशी तिच्या शर्यतीत पुढे असलेली मुलगी शेवटच्या वळणावर मागे बघून चक्क बुटाची नाडी बांधायला बसली. नाडी सुटलेली नव्हती. नाटकात तिचे संवाद ती विसरली तर कुणी हसलं नाही. वर्गाच्या फोटोत तिला बाईंच्या शेजारी, मधोमध बसवलं, प्रमुख पाहुणी असल्यासारखं. ज्या वर्षाच्या गोष्टी पुढे जन्मभर सांगायच्या, त्या वर्षात ती सगळीकडे होती आणि कशातच नव्हती. राहता राहिली होती चिमट्यांची पेटी. तिथेही कुणी तिला आपल्यातलं धरलं नसेल, तर आता शाळाच उरली नव्हती.

संध्याकाळी ती नेहमीसारखी औषधांच्या दुकानात बसली. दुकान आईबाबा दोघं चालवायचे. बाबा गोळ्या काढायचे आणि आई गिऱ्हाइकांशी बोलायची. आता बाबा दोन्ही करत, म्हणजे गोळ्या काढत. गिऱ्हाइकं तशी फार शहाणी झाली होती. कागद पुढे करायची, औषध घ्यायची, निघायची.

बाबा आतल्या कपाटाशी गेले तसं तिनं हाताला लागलेला कागद ओढला आणि डाव्या हातानं लिहिलं:

*रेडिओ आहे वर्गात आमच्या, पण आवाज येईना फार,*
*कान पिळायला विसरलात का? वर्ष संपलं की यार.*

अक्षर एवढं वेडंवाकडं आलं की तिचं तिलाच ओळखू येईना. सकाळी वर्गात कुणी नसताना तिनं ती चिठ्ठी पेटीत टाकली.

दुपारी बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. चिठ्ठी टेबलावर होती.

"कुणी लिहिली असेल गं ही?"

"मला काय माहीत, बाई. अक्षर कुणा मुलाचं वाटतंय."

"हं. डाव्या हाताचं आहे." बाईंनी चिठ्ठी उलटी केली. मागे छापलेलं होतं: सकाळी, दुपारी, रात्री. त्याखाली जेवणाआधी, जेवणानंतर, आणि खूण करायला चौकोन. "हे औषध कसं घ्यायचं ते तेवढं सांग. जेवणाआधी की नंतर?"

रेडिओचे कान लाल झाले. गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलं होतं तिनं. हात बदलला, अक्षर बदललं, आणि कागद मात्र दुकानातला. तो हाताला इतका सवयीचा होता की त्याला मागची बाजू असते हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"माझ्यावर कुणी लिहिलंच नाही, बाई," ती खाली बघत म्हणाली. "एकानंही नाही."

 बाईंनी खण उघडला आणि एक जाड लिफाफा तिच्यापुढे ठेवला.

"सोळा आहेत," त्या म्हणाल्या. "मी काढून ठेवल्या. वर्ष सुरू झालं तेव्हा मीच वर्गाला बजावलं होतं, हिला कुणी चिडवायचं नाही, हिला सांभाळायचं. वर्षभर कार्ट्यांनी एवढं एकच माझं ऐकलं, नेमकं तेवढंच. आणि शेवटी पेटीत बघते तर सोळा. मला वाटलं, भर सभेत तुला रडू आलं तर. तुला जपायचं म्हणून मी..." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "चुकलंच माझं. घे. तूच वाच आणि तूच ठरव."

रेडिओनं वाचायला घेतल्या. नाटकात विसरलेल्या संवादावर तीन होत्या. म्हणजे हसले होते तर, फक्त मागाहून. नाडीवर एक होती, तिनं जिंकलेल्या पदकाला बूट बांधायचं बक्षीस म्हणणारी. ती एकटीच फिसकन हसली. मग एक चिठ्ठी आली, तिच्या आईवरची, आणि ती थांबली.

*पोट दुखो वा दात दुखो, नापास होवो कुणी,*
*काकूंचा एकच उपाय, "आधी भरपूर पी पाणी."*
*सगळ्यांना केलं त्यांनी बरं, एकच केस राहिली,*
*रेडिओ बंद करायची गोळी त्यांनाही नाही मिळाली.*

अक्षर घड्याळचं होतं. तिनं लपवायचा प्रयत्नही केला नव्हता.

"ही वाचायची?" बाईंनी हळूच विचारलं.

"बाबा येणार आहेत कार्यक्रमाला," रेडिओ म्हणाली. "त्यांना विचारून सांगते."

दुकानात एक म्हातारे गृहस्थ खोकल्याच्या औषधासाठी उभे होते. तिनं चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती डॉक्टरांचा कागद वाचावा तशी वाचली, वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून. आईचा विषय त्या घरात दहा महिन्यांत सरळ निघाला नव्हता. आत्या फोनवर काढायची तर बाबा फोन रेडिओकडे द्यायचे.

"अहो, काही वाईट बातमी आहे का?" गृहस्थांनी विचारलं. "मी नंतर येऊ?"

"नाही, नाही." बाबांनी चिठ्ठी खाली ठेवली. बाटली पिशवीत घातली आणि पिशवी पुढे केली, पण सोडली नाही. "दोन चमचे, दोन वेळा. आणि आजोबा, पाणी भरपूर प्या."

गृहस्थ गेल्यावर ते बाहेर बघत म्हणाले, "राहिली आणि मिळाली. यमक ओढूनताणून आणलंय."

"तेवढंच? बाकी वाचू द्यायची ना?"

"तिनं दुकानात भिंतीवर लावली असती." मग चिठ्ठीची घडी तिच्या हातात देत, "वाचू दे."

निरोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मुलं पुढे, आईबाप मागे. लंबू माइकपाशी उभा राहून चिठ्ठ्या वाचत होता. घड्याळच्या आठांवर सभागृह हसून हसून थकलं होतं. मग त्यानं पुढची चिठ्ठी उघडली, ती मनात वाचली आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. त्यानं वाचली. पहिल्या दोन ओळी घाईत, पुढच्या दोन सावकाश.

कुणीही हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या घड्याळनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मागे कुठेतरी खुर्ची करकरली.

रेडिओ उभी राहिली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"गोळी होती," ती म्हणाली. आवाज बारीक आला म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "गोळी होती, दुसऱ्या फळीवर. आईनं मुद्दाम दिली नाही. म्हणायची, घरात कुणीतरी बोललं पाहिजे. तुझे बाबा आठवड्याला तीन वाक्यं बोलतात."

 मग शेवटच्या रांगेतून, घसा साफ करून, बाबांचा आवाज आला.

"चार."

आधी बाई हसल्या, तोंडाला रुमाल लावून. मग लंबू, थेट माइकमध्ये. मग सगळं सभागृह. बाबांच्या शेजारी बसलेले एक पालक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते आणि बाबा अवघडून, मान खाली घालून हसत होते. घड्याळनं चेहऱ्यावरचे हात काढले. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. लंबूनं विचारलंसुद्धा नाही. सरळ पुढची चिठ्ठी उघडली, तीही रेडिओवरच, नाटकाची. त्यानंतर नाडीची. एकामागून एक सोळा. सातव्या-आठव्या उत्तराला रेडिओ एवढी रंगात आली की बाईंना "पुरे आता, बाकीच्यांनाही शाळा सोडायचीय" म्हणावं लागलं.

कार्यक्रम संपला. आईबाप चहाला बाहेर गेले आणि खुर्च्या तळमजल्यावर नेऊन ठेवायचं काम वर्गावर पडलं. रेडिओ दाराशी कुणाशी तरी बोलत उभी होती.

"मॅडम," लंबू तिच्या बाजूनं जाताना म्हणाला, "मुलाखत झाली असेल तर हात हलवा. नोकर ठेवलेत का आम्ही?" आणि त्यानं एकात एक घातलेल्या खुर्च्यांची चळत तिच्या हातांत ढकलली.

ती चालू लागली. घड्याळ मागून आपली चळत घेऊन आली.

"यमक वाईट होतं ना?"

"फारच. बाबाही म्हणाले."

"काका म्हणाले? मग वाक्यं पाच झाली की."

रेडिओला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, चांगलं घळाघळा. दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात. चारजण जवळून गेले. त्यांनी पाहिलं, पण कुणी तिच्या खुर्च्या काढून घेतल्या नाहीत.

"रड हवं तेवढं," घड्याळ मागून म्हणाली, "पण चालत रड गं बाई. मागे रांग लागलीय, आणि पुढे जिना आहे."