रक्तात न हललेला काटा

१९७८ सालची गोष्ट. दाक्षायणी सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या आईची, पार्वतम्मांची, मूत्रपिंडं बिघडली होती. रक्तातला युरिया बघायला दर आठवड्याला सुई टोचावी लागायची, आणि शीर सापडायची नाही. दोन्ही हात काळेनिळे पडले होते. हे एका थेंबात भागलं पाहिजे, असं दाक्षायणीनं मनावर घेतलं.

पोट तपासायच्या एका मोडीत निघालेल्या दुर्बिणीतून तिनं केसासारखे काचेचे तंतू मिळवले. त्यांच्या टोकावर कलिंगडाच्या बियांतून काढलेलं एन्झाइम आणि आम्लतेप्रमाणे रंग बदलणारं फिनॉल रेड जिलेटिनमध्ये बसवलं. युरिया भेटला की एन्झाइम त्याचा अमोनिया करणार, अमोनियानं आम्लता घटून पिवळा थर लाल होणार, तंतूंतून परत येणारा उजेड बदलणार आणि तो मोजणाऱ्या मीटरचा काटा सरकणार.

आठ महिने गेले. व्होल्टेज पडलं की तंतूंत उजेड सोडणारा दिवा मंदावायचा आणि काटा उगाच हलायचा. तिनं बॅटरी आणली. एप्रिलच्या उन्हात जिलेटिन वितळून गेलं. तिनं उन्हात न वितळणारं अगार वापरलं. अखेर पाण्यात विरघळवलेल्या युरियाला काटा नीट सरकला. ओळीनं चार वेळा.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला प्रयोगशाळेत आणलं आणि बोटातून थेंब घेतला. काटा हलला नाही. नवं टोक लावलं, पुन्हा थेंब घेतला. तरी नाही.

"टोचलेलं कळलंबी न्हाय की गं," पार्वतम्मा म्हणाल्या. "किती आला?"

"काहीच नाही आला, अव्वा. हे रक्तात चालत नाही."

विभागप्रमुख शिवलिंगप्पा सरांनी कारण सांगितलं. रक्त आपली आम्लता सहजी बदलू देत नाही. एवढासा अमोनिया ते पचवून टाकतं. दाक्षायणीला राग आला तो स्वतःचाच. हाच धडा ती दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत होती.

या प्रयोगावरचा लेख फक्त पाण्यापुरता लिहा, चांगला छापून येईल, असं सरांनी सुचवलं.

"सर, पाण्याला मूत्रपिंडं नसतात," ती म्हणाली.

रक्ताचा उल्लेख असलेल्या लेखावर सरांनी सही केली नाही. तिनं रक्ताचे सगळे आकडे घालून लेख एकटीच्या नावानं एका संशोधन-पत्रिकेला पाठवला. दिवाळीनंतर तो परत आला. फसलेला प्रयोग छापत नाही, एवढंच सोबत लिहिलं होतं. त्याच आठवड्यात सरांनी मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी तिचं प्रयोगाचं टेबल मागितलं. तिनं ते रिकामं करून दिलं.