अठरा अंश

यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, आकडेवारी बोलते, संस्थेचा वार्षिक अहवाल तर बोलतोच बोलतो. पण मास स्पेक्ट्रोमीटर कधी खोटं बोलत नाही. सर हे वाक्य नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी ऐकवत. दुसऱ्या दिवशी बहुधा यंत्र बंद पडे, आणि कंपनीचा इंजिनिअर येईपर्यंत विद्यार्थ्यांना सत्यासाठी ताटकळावं लागे.

तसं बघितलं तर ते यंत्र म्हणजे एक महागडा तराजू. रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, त्यांच्यावर विजेचा भार चढवायचा, पोकळीतून पळवायचे आणि कोण किती जड ते बघायचं. पडद्यावर प्रत्येक तुकड्याची एक उभी रेघ उमटते. सरांनी उमेदीची सगळी वर्षं या रेघा बघण्यात घालवली. लग्न करायचं राहून गेलं. थोरली बहीण शाळेत शिकवत होती, तिचंही राहून गेलं, म्हणून दोघं एकाच घरात राहत. बाहेर त्यांना देशोदेशीचे लोक प्रोफेसर म्हणत. घरी ताई त्यांना ठोंब्या म्हणे.

ज्या रेघेमुळे सरांचं नाव झालं, ती त्यांना ऐन चाळिशीत सापडली. विस्मृतीचा आजार झालेल्या माणसांच्या रक्तात एक तुकडा दिसायचा, निरोगी माणसांच्या रक्तात दिसायचा नाही. तो आपल्या कातडीतल्या एका साध्या प्रथिनासारखाच होता, फक्त एका जागी फरक होता. तो फरक म्हणजेच आजाराची खूण, असं सरांनी मांडलं. अशी खूण जो तो शोधत होता. लेख छापून आला, परिषदांची बोलावणी आली, एका कंपनीनं तपासणीचा संच काढायला घेतला. इतर प्रयोगशाळांनीही पडताळा घेतला. थंड देशांत तो तुकडा सापडला, उष्ण देशांत सापडला नाही. त्यावरून आजाराचा हवामानाशी संबंध आहे असा एक स्वतंत्र लेख झाला, आणि तोही बऱ्यापैकी गाजला.

सरांची शिस्त कडक होती. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला होता, खोली अठरा अंशांवर ठेवा. तेव्हापासून एसीचा रिमोट सरांच्या खिशात असे. विद्यार्थी ॲप्रनखाली दोन-दोन शर्ट घालून कुडकुडत. सरांना ताईनं राखाडी लोकरीचा जाड स्वेटर विणून दिला होता. त्यावरून ॲप्रनची बटणं लागत नसत, म्हणून सर ॲप्रन घालत नसत. रुग्णांचे नमुने मोलाचे. ते सर स्वतः हाताळत. निरोगी माणसांचे नमुने आणि तुलनेसाठी लावायचं नुसतं पाणी विद्यार्थ्यांकडे असे, कारण तिथे चुकलं तरी फारसं बिघडत नाही.

मग ताई विसरायला लागली.

आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग गॅस. मग एकदा सर घरी आले तेव्हा ती नव्या स्वेटरची बाही विणत होती, आणि दोन बाह्या आधीच बाजूला पडल्या होत्या.

"ताई, ही तिसरी."

"राहू दे रे. एखादी फाटली तर?"

सर हसले, ताईही हसली. पण ती कशाला हसतेय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते सरांना दिसलं.

डॉक्टर म्हणाले, वयही असेल, आजारही असेल. वय असेल तर असंच चालत राहील. आजार असेल तर आत्ताच तयारीला लागलेलं बरं. "पण हे मी तुम्हाला काय सांगणार? जगाला खूण दाखवणारे तुम्ही. तुमचीच तपासणी करा की."

सरांनी ताईचं रक्त आणलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, रेघ दिसू नये. नमुना त्यांनी स्वतः तयार केला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पडद्यावर रेघ आली. चांगली ठसठशीत आली.

प्रयोगशाळेत शंकाबाई होती. ती पीएचडीची विद्यार्थिनी. दर वाक्याला शंका काढायची म्हणून हे नाव पडलेलं. तिनं पडद्यावरची रेघ दोनदा मोठी करून बघितली. शेवटी म्हणाली, "सर, तुमचं रक्त लावू या का? घरातलंच आहे, तुलना होईल."

सरांच्या रक्तात तीच रेघ, थोडी उंच.

त्या संध्याकाळी सर घरी येऊन खुर्चीत बसले आणि मनात एकोणतीसचा पाढा म्हणून बघितला. बिनचूक आला. उलटा म्हटला, तोही आला. ताई म्हणाली, "ठोंब्या, ओठ काय हलवतोस?" ते म्हणाले, "काही नाही." दोघांनाही हा आजार असेल तर आठवणीनं गॅस बंद कोण करणार, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी शंकाबाईनं स्वतःचं रक्त पुढे केलं. सरांनी नमुना केला. रेघ आली.

"सर, मला सव्विसावं चालू आहे."

"लवकर सुरू होतो काही जणांना," सर म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

"मग आता पाणी लावा. तुमच्या हातानं."

सरांनी शुद्ध पाणी लावलं. पाण्यालाही विस्मृतीचा आजार निघाला.

शंकाबाई म्हणाली, "एक सांगू? रागावू नका."

"रागावलो तर?"

"मग रागावा. तो स्वेटर काढून एकदा करा ना."

सरांनी स्वेटर काढला, दाराबाहेर नेऊन ठेवला, हात कोपरापर्यंत धुतले, ॲप्रन घातला आणि नव्या नळीत पाणी घेऊन पुन्हा लावलं. पडदा कोरा राहिला. मग ताईच्या रक्ताचा नवा नमुना करून लावला. तिथेही ती रेघ नव्हती.

शंकाबाईनं रात्रीच शोधून ठेवलं होतं. माणसाच्या केसांचे, कातडीचे कण नमुन्यात पडतात हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं; ते आपोआप वगळले जातात. पण वगळायच्या यादीत फक्त माणूस होता. सरांचा तुकडा त्या यादीतल्या प्रथिनाशी जुळत होता, एक जागा सोडून. तो एका जागेचा फरक म्हणजे मेंढी, म्हणजेच स्वेटरची लोकर. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे तेवढंही निघालं नव्हतं, मेंढी तर अंगावरच होती.

सर संचालकांकडे गेले. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं, पेन टेबलावर सरळ ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही निवृत्त कधी होताय?"

"मार्चमध्ये."

"मार्चपर्यंत थंडी आहेच की. असू द्या स्वेटर."

"लेख मागे घ्यायला हवा."

"घ्या. पण त्या रेघेवर नवीन यंत्र मंजूर झालंय. ते मी मागे घेणार नाही."

सरांनी लेख मागे घेतला. आता नामुष्की येणार, फोन वाजणार, लोक हसणार, याची त्यांनी तयारी ठेवली. कुणी हसलं नाही. हसायला आधी कुणाला तरी कळावं लागतं. कंपनीनं संचाचं काम थांबवलं आणि ते आधीच थांबवायचं ठरलं होतं असं सांगितलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या पदव्या जागच्या जागी राहिल्या. हवामानाच्या लेखाच्या लेखकानं कळवलं की त्याच्या निष्कर्षात काही बदल होत नाही. आयुष्यभराचं काम इतक्या शांतपणे बुडतं हे सरांना माहीत नव्हतं. बुडताना निदान बुडबुडे येतील असं त्यांना वाटलं होतं.

घरी त्यांनी ताईला सांगितलं. तिनं विणकाम मांडीवर ठेवलं.

"म्हणजे माझ्या स्वेटरनं तुझं वाटोळं केलं."

"तसं नाही ताई."

"तसंच आहे. आणि मला काय झालंय मग?"

"माहीत नाही. ज्या खुणेनं कळायचं होतं, ती कधी नव्हतीच."

ती रडली. सरांना ती रडलेली आईच्या मरणानंतर आठवत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "लवकर कसा आलास? तुझी ती रेघ काय म्हणतेय?" सरांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तितकीच रडली. तिला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळत होतं, आणि प्रत्येक वेळी वाटोळं तिच्याच हातून होत होतं. पुढच्या आठवड्यात सरांनी सांगणं सोडलं. तिनं विचारलं की ते म्हणत, "मजेत आहे रेघ." जगात त्या तुकड्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच उरली होती, आणि तिला रोज फसवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

"तिथे गारठा फार ना रे?" ती विचारी. "थांब, तुला एक स्वेटर विणते."

"विण," ते म्हणत. चौथी बाही सुरू होती.

प्रयोगशाळेत लोकरीला बंदी झाली. पण त्या गारठ्यात दोन-दोन शर्टांवर किती दिवस काढणार, म्हणून सरांच्या शेवटच्या दिवशी शंकाबाईनं कंपनीच्या जुन्या इंजिनिअरला फोन करून विचारलं, खोली किती अंशांपर्यंत चालेल. तो म्हणाला, सव्वीसपर्यंत खुशाल चालवा. मग अठरा का सांगितलं होतं, तिनं विचारलं. त्याला आठवेना. थोड्या वेळानं म्हणाला, त्या दिवशी यंत्र ढकलून आणल्यामुळे आम्हाला फार उकडत होतं.

सरांनी खिशातला रिमोट काढून तिच्या हातात दिला. तिनं एसी पंचवीसवर केला. यंत्र होतं तसंच चालू राहिलं.