मागून आलेली हाक

डिंपलला आवाज घुमणार नाही अशी खोली हवी होती. मोताळ्याजवळच्या गावी, तिच्या घरात तशी एकच होती, छतापर्यंत कापूस रचलेली. मधली जागा मोकळी करून तिनं खुर्ची ठेवली.

पुण्यात ती ध्वनिशास्त्र शिकत होती. प्रत्येकाच्या कानाच्या घड्या वेगळ्या. आवाज त्यांतून वळून आत जातो, म्हणून तो पुढून आला की मागून हे कळतं. हेडफोनमध्येही आवाज खरंच पाठीमागून आल्यासारखा वाटावा, यासाठी ती माणसागणिक हा फरक मोजत होती. गावातले तीस जण झाले, तेव्हा शालिग्रामकाका आले.

"माहा तं एक कानच नाही, डिंपल. माह्यावालं काय मोजून राह्यली?"

सहा वर्षांपूर्वी अस्वलानं त्यांचा उजवा कान ओरबाडून नेला होता. आतलं भोक शाबूत होतं, ऐकू येत होतं. त्यानंतर महिन्याभरातच डिंपलच्या वडलांना, महादेवरावांना, तुरीत घोणस चावली. दोघं भाऊ एकाच वावरात होते. महादेवरावांनी हाका मारल्या आणि काका धावले ते नेमके उलट दिशेला, नाल्याच्या बाजूला. शोधत परत येईस्तोवर उशीर झाला होता. गाव म्हणालं, अस्वलाच्या धाकानं पळाला. डिंपलची आई अन्नपूर्णाबाई तेव्हापासून दिराशी बोलली नव्हती.

डिंपलनं काकांच्या दोन्ही बाजूंच्या कानाच्या भोकांत मुगाएवढे माइक बसवले. "डोळे मिटा. आवाज येईल तिकडे बोट दाखवा."

डावीकडचं सगळं बरोबर आलं. मग ती त्यांच्या उजव्या पाठीमागे गेली. स्पीकर वाजला. काकांनी पुढे बोट केलं. पुन्हा वाजवला, पुन्हा पुढेच. बारापैकी नऊ वेळा.

"काका, त्या दिवशी बाबांची हाक कुठून आली?"

"समोरून. नाल्याकडून. मंग लोकं म्हनत गेले, तं मलेही वाटाले लागलं, भेलोच असन."

"त्या दिवसाचं मी शपथेवर नाही सांगू शकत. पण मागचा आवाज तुम्हाले पुढून येते, हे आज मी पाह्यलं."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

संध्याकाळी डिंपलनं आईला सांगितलं. आई पोळ्यांची कणीक मळत होती. हात थांबला.

"मले बसव तिथं," आई म्हणाली.

डिंपलनं तीच कणीक आईच्या उजव्या कानाच्या घड्यांत भरली, भोक तेवढं मोकळं ठेवलं. डोळे मिटून अन्नपूर्णाबाई बसल्या. मागून आवाज आला. त्यांचं बोट समोरच्या भिंतीकडे गेलं. डोळे उघडून पाहिलं, तर समोर नुसता कापूस.

"आनखी एकदा," त्या म्हणाल्या. पुन्हा तसंच झालं.

त्या उठल्या. कानातली कणीक न काढताच बाजूच्या दिराच्या घरी गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

काका खाटेवरून उठून उभे राहिले. काकू, बेबीताई, पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली.