डाव्या कुशीवरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनं जपानी पिस्तूल आहे. माझं नाव बदनाम आहे. संग्रहालयातल्या माझ्या काचेच्या पेटीपुढे थांबून लोक म्हणतात, "हेच ते दगाबाज." आज मीच सांगतो काय झालं ते.

माझा जन्म नागोयातल्या एका कारखान्यातला. रणगाड्यात आणि विमानात जागा थोडी, म्हणून मला आखूड केलं. पोटात सहा गोळ्या. पण चापाचा निरोप आत पोचवणारी पोलादी पट्टी माझ्या डाव्या कुशीवर उघडीच ठेवली. सुरक्षेची खिट्टी लावलेली नसली, तर चापाला हात न लावता नुसती ती पट्टी दाबली तरी माझ्यातून गोळी सुटते.

ती पट्टी बसवली कारखान्यातल्या कुरोसे नावाच्या कारागिरानं. कानशीवर त्याचा हात बसलेला होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मुकादम, ही झाकायला हवी. कुणाचं तरी बोट लागेल."

"तू कोण मोठा शहाणा? आराखडा काढणारे काय गवत खात होते? कानस चालव!"

कुरोसेनं मान खाली घालून कानस चालवली.

मला इवाकिरी नावाच्या तरुण लेफ्टनंटनं घेतलं. आमच्याकडे अधिकारी आपलं पिस्तूल स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचे. तो मला तलवारीच्या तेलानं पुसायचा, कौतुकानं हातात तोलायचा. युद्ध लांबलं. घाईघाईनं घडवलेल्या माझ्या धाकट्या भावंडांच्या अंगावर कानशीचे ओरखडे तसेच राहू लागले. कुरोसेलाही सैन्यात ओढलं आणि हत्यारं दुरुस्त करायला तो आमच्याच तुकडीत आला.

मग आम्ही हरलो. १९४५ सालच्या सप्टेंबरातल्या एका सकाळी, कागोशिमाकडच्या एका शाळेच्या मैदानात चटया अंथरल्या होत्या. हत्यारं तिथं द्यायची होती. टेबलामागे परके अधिकारी, त्यांच्यामागे भरलेल्या बंदुका. आमचे चाळीस जण रांगेत उभे होते.

आत वर्गात इवाकिरी मला सोपवण्याचा सराव करत होता. कोणतीही वस्तू द्यायची तर दोन्ही हातांनी, मान लववून, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मूठ समोरच्याकडे केली की माझी नळी त्याच्याच पोटाकडे वळायची आणि त्याची बोटं नेमकी पट्टीवर यायची. कुरोसेनं दारातून ते पाहिलं.

"साहेब, आधी रिकामं करू द्या."

"गोळ्यांचा खण मी काढलाय. हे बघ, चापसुद्धा दबत नाही."

"चाप नाही दबणार, खण काढला की तो अडतो. पण नळीत एखादी राहिली असेल तर?"

"हरलेल्या माणसाला शिकवायला सगळेच पुढं! तलवार गेली. हे तरी माझ्या हातानं देऊ दे."

"द्या ना, तुमच्याच हातानं द्या. पण मेलेल्याचा हात कसा पुढं येणार? आणि गोळी सुटली की ते परके काय आपल्याला चहा पाजतील? हे बाहेरचे चाळीस जण जिवानिशी जातील."

"बाजूला हो!"

कुरोसे हलला नाही. उंबऱ्यात गुडघे टेकून बसला. "लाथ मारा, साहेब. मुकादमानं दटावलं तेव्हा मी गप्प बसलो. आज नाही बसणार."

मैदानातून बोलावणं आलं. इवाकिरीनं दात आवळले, नळी भिंतीकडे वळवली आणि झटक्यात माझा सरकता दट्ट्या मागे ओढला. नळीत राहिलेली पितळी गोळी टणकन जमिनीच्या फळ्यांवर पडली आणि त्याच्या बुटाला जाऊन टेकली.

"आता पट्टी दाबा," कुरोसे म्हणाला.

त्यानं दाबली. माझ्या आत खट् वाजलं. इवाकिरीचा चेहरा उतरला.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगायला हवं होतं, साहेब. उशीर केला."

मग इवाकिरी मैदानात गेला. त्यानं दोन्ही हातांनी, मान लववून मला पुढे केलं. त्याची बोटं पट्टीवर घट्ट दाबली गेली. मी गप्प राहिलो. संध्याकाळी चाळीसही जण घरच्या वाटेला लागले.

मित्रांनो, शरण जाताना चोरून गोळी झाडता यावी, अशा दग्यासाठी मला घडवलं असं म्हणतात, ते खरं नाही. एका माणसाला उणीव दिसली होती आणि ती सांगायची राहिली, एवढंच. मला तेल देऊ नका, दुरुस्त तर मुळीच करू नका. मी असाच, निकामी बरा. पण तुमच्या हातून काही घडत असेल आणि त्यात खोट दिसली, तर त्याच दिवशी बोला. आणि त्या दिवशी राहून गेलंच, तर कुरोसेसारखे उंबऱ्यात बसा. कुणी कितीही ओरडलं तरी उठू नका.