रुमालात जपून ठेवलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. वापरून नव्हे, पडून पडून जुनी झालेली. एका छोट्या निळ्या मोटारीची मी जादा किल्ली. कारखान्यात आम्ही दोघी बहिणी एकाच मापाने घडलो. ज्या दिवशी नर्सबाईंनी गाडी घेतली, त्या दिवशी त्यांनी माझ्या बहिणीला पितळी कडीत अडकवलं आणि मला निरखून म्हणाल्या, "ही मात्र जपून ठेवायची." मला कोण आनंद झाला! जपून ठेवणं म्हणजे काय, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाईंनी मला रुमालात गुंडाळलं आणि गाडीतल्याच कप्प्यात, कागदपत्रांच्या मागे सरकवलं. गाडीची किल्ली गाडीतच! बाई तशा हुशार, रोग्यांच्या औषधांच्या वेळा तोंडपाठ. पण इथे अक्कल गहाण पडली.

चोवीस वर्षं मी तिथे होते. बहीण रोज सकाळी कुलपात शिरायची, गाडी घरोघरच्या आजाऱ्यांकडे निघायची. अधूनमधून कप्पा उघडायचा, काच पुसायचं फडकं बाहेर जायचं. दर वेळी वाटायचं, आता माझी पाळी. कप्पा बंद व्हायचा. अंधारात मला फार एकटं वाटायचं.

बाई निवृत्त झाल्या, तरी गुरुवार चुकला नाही. टेकडीवर त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. तिकडे जायला गाडीच हवी. आता माझ्या बहिणीचे दाते पार झिजले होते. तिला जरा वर उचलून फिरवावं लागे आणि ती खुबी फक्त बाईंना जमे. एका गुरुवारी घरी परतल्यावर दार बंद करताना ती मोडली. बाईंच्या हातात दोन तुकडे आले.

बाईंनी घरात कपाटं उपसली, शिवणाचा डबा पालथा केला. मी कुठे आहे, ते त्यांना आठवेना. सहा आठवडे गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली. एके दिवशी काचेपलीकडून मुलाचा आवाज आला, "आई, पुरे आता. रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू."

"आणि ताईकडे कशी जाऊ? बसच्या पायऱ्या चढवत नाहीत मला."

"मी नेईन की सवडीने."

"तुझी सवड मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मी इथेच आहे, हे मी जिवाच्या आकांताने सांगत होते; पण किल्लीला कुठला आवाज!

शनिवारी किल्लीवाला आला. तुकडे जुळवून त्याने नक्कल केली. ती दारात फिरेना. "मावशी, झिजलेल्या किल्लीची नक्कल झिजलेलीच निघणार. कागदांत किल्लीचा नंबर असला तर बघू." त्याने तारेने दार उघडलं, कप्प्यातले कागद ओढले आणि रुमालासकट मी खाली पडले.

"अगं बाई! मीच ठेवली होती की!" बाई खो खो हसल्या आणि मग तोच रुमाल डोळ्यांना लावला.

किल्लीवाल्याने मला कुलपात घातलं. आयुष्यात पहिल्यांदा! मी फिरले. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. तो क्षण मी कधीच विसरणार नाही.

"हिचे दाते अगदी कोरे आहेत," तो म्हणाला. "ही नमुना म्हणून राहू द्या. हिच्यावरून नवी काढतो, ती वापरा." जुने तुकडे तो फेकायला निघाला, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. "नको दादा. ते माझ्या उशाशी राहतील."

आज गुरुवार आहे. गाडी टेकडी चढते आहे. कडीत नवी किल्ली किणकिणते आहे. वर ताई वाट बघत असतील, याचा मला खरंच आनंद आहे. आणि मी? मी रुमालात, कप्प्यात, कागदांच्या मागे. घाईत बाईंचा हात सवयीने तिथेच गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातही असं काहीतरी जपून ठेवलेलं असेल. ते अधूनमधून बाहेर काढा, वापरा. झिजलं तर झिजू द्या. माझी बहीण झिजून मोडली, पण ती बाईंच्या उशाशी आहे. मी अजून कोरी आहे.